पेनड्राइव्हवरचा पिक्चर डीव्हीडी प्लेअर काहून चालवत नाही? स्वस्तातला प्लेअर घ्यायच्या आधी एवढं समजून घ्या

नागपूरच्या महाल भागात आमच्या काकू राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. काका भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि २००९ ते २०१४ मधल्या मंडळाच्या कार्यक्रमांचं शूटिंग वस्तीतल्या एका पोराने करून दिलं होतं, त्याच्या ११ डीव्हीडी काकूंनी कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवल्या आहेत. काका गेले. जुना प्लेअर मागच्या उन्हाळ्यात बंद पडला, म्हणून नातवाने बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन नवीन आणला, दोन हजार दोनशेचा. डब्यावर मोठ्या अक्षरात यूएसबी, एमपी४, फुल एचडी असं सगळं लिहिलेलं. डिस्क लागली, काकांची पेटी ऐकू आली, काकू खूश. मग नातवाने पेनड्राइव्ह लावला. त्यात आठ फाइल होत्या, घरातल्या बारशाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, दोन-तीन मराठी पिक्चर आणि काही कीर्तनं. आठातल्या दोन चालल्या, एकीत आवाज आला पण पडदा काळाच, आणि बाकी पाचांना निळ्या पडद्यावर एकच ओळ, फाइल सपोर्ट होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि नातू प्लेअर घेऊन परत दुकानात. दुकानदार म्हणे, "पेनड्राइव्ह खराब आहे जी, दुसरा लावून पाहा." नातू बाहेर येऊन म्हणे, "प्लेअरच डुप्लिकेट दिला यानं." मी घरी येऊन त्या आठही फाइल एकेक करून तपासल्या तर पेनड्राइव्ह पण ठीक होता आणि प्लेअर पण. गडबड तिसरीकडेच होती, आणि ती समजून घेतली तर प्लेअर घेताना पैसे वाया जात नाहीत. म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आता कोणी म्हणेल की आजच्या काळात डीव्हीडी प्लेअर कोण घेतं. बातम्या तशाच आहेत, नेटफ्लिक्सने अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं काम २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केलं, सोनीने घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, एचडी चित्राची डिस्क) बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, आणि एकेकाळी आपल्याकडे २८ रुपयात व्हीसीडी आणि ३४ रुपयात डीव्हीडी विकणारी मोझर बेअर तर २०१८ मध्येच मोडीत निघाली. पण लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या डिस्क घरोघरी पडलेल्या आहेतच ना, त्या काही बातम्या वाचून नाहीशा होत नाहीत. ज्यांच्या घरी इंटरनेटचा जोर नाही किंवा ज्यांना रिमोटची चार बटणं सोडून पाचवं नको असतं, त्यांच्यासाठी प्लेअर आजही कामाचा आहे. फक्त दुकानात पूर्वीसारखे रांगेने मॉडेल मांडलेले नसतात, दोन-तीन असतात आणि तेही नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे, त्यामुळे पाहून घेणं जास्त गरजेचं झालंय.

व्हिडिओ म्हणजे वाळवण

आधी थोडा हिशोब करू. डीव्हीडीवरचं एक चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं एकामागून एक दाखवली की आपल्याला ते हलताना दिसतं. ही चित्रं काहीही न आवळता, जशीच्या तशी साठवायची म्हटली तर एका सेकंदाला साधारण साडेपंधरा एमबी लागतात, म्हणजे एका मिनिटाला ९३३ एमबी. तीन तासांच्या पिक्चरला १६८ जीबी. आणि साध्या डीव्हीडीवर जागा किती, तर ४.७ जीबी. म्हणजे जेमतेम पाच मिनिटांचा पिक्चर मावेल आणि डिस्क संपेल!

मग अख्खा पिक्चर त्यात बसतो कसा? आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवण घालतात तसा. मुगाच्या वड्या ओल्या असताना गच्चीवरची अख्खी साडी भरते, आणि चार दिवस नागपूरचं ऊन लागलं की त्याच वड्या एका डब्यात मावतात. पाणी काढून टाकलं, चव ठेवली. व्हिडिओत पाणी म्हणजे काय, तर तेच तेच पुन्हा आलेलं चित्र. काकांच्या भजनाच्या व्हिडिओत मागची भिंत, तसबीर, सतरंजी तासभर तशीच आहे, हलतात फक्त काकांची बोटं, भात्यावरचा हात आणि टाळकऱ्यांचे हात. मग प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा कशाला साठवायची, एक पूर्ण चित्र ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत काय बदललं तेवढंच लिहून ठेवायचं. शिवाय डोळ्याला जाणवत नाही असा बारीकसारीक तपशील पण गाळायचा. हे वाळवायचं आणि पाहायच्या वेळी पुन्हा ओलं करून ताटात वाढायचं जे तंत्र आहे त्याला कोडेक म्हणतात.

इथे मुद्द्याची गोष्ट अशी की वाळवण एका प्रकारचं नसतं. मुगवड्या रश्श्यात शिजवतात, सरगुंडे उकळत्या पाण्यात टाकतात, कुरडई तळतात. ज्याला फक्त वड्यांची भाजी येते त्याच्या हातात कुरडई दिली आणि त्याने ती रश्श्यात टाकली तर काय होईल सांगायला नको. प्लेअरचं अगदी तसंच आहे, त्याच्या आत जी चिप बसवलेली असते तिला दोन-चारच पद्धती शिकवलेल्या असतात, आणि त्या कारखान्यातच.

डबा वेगळा, आतला जिन्नस वेगळा

फाइलच्या नावाच्या शेवटी जे असतं ना, एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही, त्याला लोक व्हिडिओचा प्रकार समजतात, आणि सगळी फसगत इथूनच सुरू होते. तो प्रकार नाही, तो डबा आहे. त्याला कंटेनर म्हणतात, मी पुढे डबाच म्हणेन. डब्यात एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, कधी तिसऱ्यात सबटायटल. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ चा जुना डबा. एमकेव्ही २००२ चा, त्याचं मूळ नाव मात्रोस्का, त्या रशियन एकात एक बसणाऱ्या बाहुल्या असतात ना त्यांच्यावरून ठेवलेलं, कारण त्याच्या पोटात काहीही मावतं.

पितळी डब्यावर "वड्या" अशी चिठ्ठी आहे म्हणून आत वड्याच असतील असं नाही, हे ज्या घरात दहा जण स्वयंपाकघरात वावरतात त्या घरातल्या कोणालाही माहीत आहे. तसंच एव्हीआय नावाच्या दोन फाइल घेतल्या तर एकीत जुन्या पद्धतीचं वाळवण असू शकतं आणि दुसरीत नव्या. पहिली चालेल, दुसरी नाही. काकूंच्या पेनड्राइव्हवर हेच झालं होतं, दोन चाललेल्या आणि एक आवाजवाली अशा तिन्ही एव्हीआयच होत्या. आवाज तिन्हींत ओळखीचा होता, पण तिसरीतलं चित्र नव्या पद्धतीने वाळवलेलं होतं, म्हणून प्लेअरने आवाज वाढला आणि चित्राचं ताट रिकामंच ठेवलं.

आणि हो, फाइलचं नाव बदलून एमकेव्हीचं एव्हीआय केल्याने काही होत नाही. चिठ्ठी बदलली, आतलं तसंच.

स्वस्त प्लेअरला येतं काय आणि येत नाही काय

डीव्हीडी पहिल्यांदा जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ ला विकायला आली, आणि तिच्यासाठी जी पद्धत ठरली ती एमपेग-२. ही प्रत्येक डीव्हीडी प्लेअरला येते, यायलाच पाहिजे, नाहीतर तो डीव्हीडी प्लेअरच नाही. त्याच्या आधीची व्हीसीडीची एमपेग-१ पण बहुतेक सगळ्यांना येते. मग २००० च्या आसपास डिव्हएक्स आणि तिची मोफत बहीण एक्सव्हिड या दोन पद्धती आल्या (एक्सव्हिड हे नाव म्हणजे डिव्हएक्स उलटं लिहिलेलं), आणि त्यांनी कमाल केली, अख्खा पिक्चर ७०० एमबीच्या साध्या सीडीवर बसायला लागला. ज्या प्लेअरवर डिव्हएक्सचा अधिकृत शिक्का असतो त्याला या दोन्ही पद्धती येतात असं समजायला हरकत नाही, कारण तो शिक्का तपासणी झाल्यावर मिळतो. "एमपी४ चालतं" हे वाक्य कोणीही छापू शकतं.

स्वस्त प्लेअरची झेप साधारण इथेच संपते. २००३ मध्ये एच.२६४ नावाची पद्धत आली, तिने डीव्हीडीच्या पद्धतीपेक्षा जवळपास निम्म्या जागेत तसंच चित्र ठेवता येतं, आणि आज मोबाइल, व्हॉट्सअॅप, इंटरनेट सगळीकडे तीच आहे. २०१३ मध्ये तिची पुढची, एच.२६५, तिला एचइव्हीसी पण म्हणतात. आयफोन २०१७ पासून बाय डीफॉल्ट हिच्यातच शूट करतो. जितकं जास्त वाळवाल तितकं ओलं करायला कष्ट जास्त, हे इथेही लागू आहे, त्या नव्या पद्धती सोडवायला जी ताकद लागते ती डीव्हीडीसाठी बनवलेल्या चिपमध्ये नाहीच. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला एवढासा दोन मिनिटांचा व्हिडिओ पण चालत नाही आणि लोकांना वाटतं की अरे, एवढी छोटी फाइल का चालू नये. फाइल छोटी की मोठी याचा इथे संबंधच नाही.

"सॉफ्टवेअर अपडेट करून शिकवता येत नाही का?" असं मला नातवाने विचारलं. मोबाइलमध्ये येतं कारण त्याच्या अंगात ताकद शिल्लक असते. इथे सोडवायचं काम चिपच्या तारांमध्येच कोरलेलं असतं. अपडेटने एखादी खोड सुधारते, नवी पद्धत अंगी येत नाही.

मग प्लेअरच्या खोक्यावर एमपी४ लिहिलं ते खोटं का?

खोटं नाही, पण समजून घ्यायला अवघड आहे, आणि यात ग्राहकाची चूक काहीच नाही. एमपेग-४ हे एका भल्यामोठ्या नियमावलीचं नाव आहे, तिचे बरेच भाग आहेत. भाग २ म्हणजे ती डिव्हएक्स-एक्सव्हिडवाली जुनी पद्धत. भाग १० म्हणजे एच.२६४, नवी. आणि भाग १४ म्हणजे एमपी४ नावाचा डबा. तीन वेगवेगळ्या गोष्टी, आडनाव एक. आमच्याकडे एकाच आडनावाची दहा घरं एका गल्लीत असली की पोस्टमनचं जे होतं तेच इथे गिऱ्हाइकाचं होतं. कंपनी भाग २ धरून लिहिते की आमचा प्लेअर एमपेग-४ चालवतो, ते खरंच आहे, आपण घरी भाग १४ च्या डब्यात भाग १० चा व्हिडिओ घेऊन बसलेलो असतो.

म्हणून दुकानात "एमपी४ चालते का?" हा प्रश्न विचारून उपयोग नाही. "एच.२६४ चालते का?" विचारा. आणि उत्तरावर विसंबू नका, लावून दाखवा म्हणा.

फुल एचडी आणि एचडीएमआय, यांचं काय?

काकूंच्या प्लेअरच्या खोक्यावर फुल एचडी होतं, मागे एचडीएमआयची जागा पण होती. पण एचडीएमआय म्हणजे फक्त प्लेअरपासून टीव्हीपर्यंतची वायर. पाइप मोठा टाकला म्हणून टाकीत पाणी वाढत नाही. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चंच, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके, फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर त्याच्या बरोबर पाचपट ठिपके असतात आणि फोर-केवर वीसपट. प्लेअर मधली जागा अंदाजाने भरतो, याला अपस्केलिंग म्हणतात. त्याने चित्र थोडं नीट दिसतं, नाही असं नाही, पण त्या शिक्क्याचा अर्थ "मी एचडी फाइल चालवीन" असा होत नाही. तो फक्त म्हणतो, मी ताणून देईन.

तरी एचडीएमआयवाला घ्याच असं मी सांगीन, कारण नव्या टीव्हींना पिवळी-लाल-पांढरी अशा तीन पिनांच्या जागा कमी होत चालल्या आहेत, कुठे कुठे एकच बारीक छिद्र असतं आणि त्याची वेगळी वायर शोधत फिरावं लागतं. उलट घरी जुना डब्बा टीव्ही असेल तर आधी पाहा की प्लेअरला त्या तीन पिना आहेत ना.

पेनड्राइव्हची वेगळीच भानगड

फाइल बरोबर असूनही पेनड्राइव्ह दिसतच नाही असं पण होतं. पेनड्राइव्हवर फाइल मांडायची एक पद्धत असते, जशी वाणसामानाच्या दुकानात फळ्यांवर माल लावायची. स्वस्त प्लेअरला सहसा एकच मांडणी वाचता येते, फॅट३२ नावाची जुनी. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असली की रिकामा पेनड्राइव्ह आहे असं म्हणून मोकळा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, कॉपी करतानाच अडते. आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, म्हणून प्लेअरसाठी ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह घेतला की डोकेदुखी कमी.

मोठी हार्ड डिस्क स्वस्त प्लेअरला जोडायच्या फंदात पडू नका. तिला जेवढा करंट लागतो तेवढा त्या छोट्या जागेतून मिळेलच असं नाही, मग ती टकटक करते आणि चालत नाही, आणि एखाद दिवशी आतला सगळा माल जातो.

फाइलची नावं मराठीत ठेवली असतील तर पडद्यावर चौकोन दिसतात. त्रास होतो मला पण याचा, आपलीच भाषा आणि आपल्याच घरातल्या यंत्राला वाचता येत नाही. सबटायटलची वेगळी फाइल देवनागरीत असेल तर तिचीही तीच गत. सध्या तरी नावात आकडे टाका, ०१, ०२, ०३, म्हणजे क्रमही नीट राहतो आणि काकूंना लक्षातही राहतं की पाच नंबरला कीर्तन.

दुकानात जाताना खिशात काय न्यायचं

एक पेनड्राइव्ह. फॅट३२ केलेला, आणि त्यात तुमच्याच घरातल्या फाइल. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरचं गाणं चालवून दाखवतात त्याने काही कळत नाही, ते चालणारच, म्हणूनच ते ठेवलेलं असतं. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सहा फाइल नेल्या होत्या. एक एक्सव्हिडची एव्हीआय ज्यात आवाज एमपी३ होता, तशीच दुसरी ज्यात आवाज एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल होता, एक डीव्हीडीतून कॉपी केलेला तुकडा, एक मोबाइलवरचा व्हिडिओ, एक एमकेव्ही, आणि एक सबटायटलवाली. सोबत काकूंच्या डिस्कपैकी सगळ्यात जास्त ओरखडे असलेली एक, कारण विकत आणलेली चकचकीत डिस्क कोणताही प्लेअर वाचतो, घरी बर्न केलेली (म्हणजे कॉम्प्युटरवर भरलेली), दहा वर्षं जुनी डिस्क वाचेल तो खरा.

कोणती फाइल कोणत्या पद्धतीची हे घरीच पाहून ठेवा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबलं की सगळं दिसतं, किंवा मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. तिथे एव्हीसी दिसलं तर ते एच.२६४, एचइव्हीसी दिसलं तर एच.२६५, आणि एमपेग-४ व्हिज्युअल दिसलं तर ते जुनं, म्हणजे चालायची शक्यता भरपूर.

फाइल लागली म्हणून लगेच बिल करू नका. पुढे पळवून पाहा, अगदी शेवटाकडे नेऊन ओठ आणि आवाज जुळतात का पाहा, बऱ्याच वेळा सुरुवातीला जुळतं आणि तासाभराने आवाज मागे पडतो. पळापळीचा सीन लावा, चित्र अडखळतं का. प्लेअर बंद करून चालू करा आणि जिथे सोडलं तिथून सुरू होतो का पाहा, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट गेली की दोन तासांच्या कीर्तनात पुन्हा जागा शोधणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. रिमोट हातात घेऊन पाहा, बटणं मोठी आहेत का. ट्रे दोन-तीनदा उघडबंद करा.

परदेशातून कोणी डिस्क आणून देणारं असेल तर रीजनचं, म्हणजे डीव्हीडीसाठी जगाचे जे विभाग पाडलेत त्यांचं पण विचारा, भारत रीजन ५ मध्ये येतो आणि अमेरिका १ मध्ये, साधा प्लेअर तिथली डिस्क नाकारू शकतो.

आणि बिलावर "यूएसबीसह तपासून दिला, अडचण आल्यास बदलून" असं लिहून घ्या. दुकानदार थोडं कुरकुरतो, पण लिहून देतो.

"टीव्हीलाच यूएसबी आहे की, प्लेअर कशाला?"

हा आक्षेप एकदम बरोबर आहे आणि मी तर म्हणतो आधी तेच करून पाहा. गेल्या काही वर्षांतला टीव्ही असेल तर त्याला एच.२६४ येतेच, नव्यांना एच.२६५ पण, आणि ती चिप प्लेअरच्या चिपपेक्षा कितीतरी दमदार असते. ज्यांच्याकडे डिस्क नाहीतच, फक्त फाइल आहेत, त्यांनी डीव्हीडी प्लेअर घेऊच नये, ते दोन हजार वाचवावेत. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी डिस्कसाठी अगदी साधा प्लेअर घ्यावा आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावावा. यूएसबी-बियुएसबीच्या नावाने प्लेअरवर पाचशे जास्त मोजायची गरज फक्त त्यांनाच आहे ज्यांचा टीव्ही जुना आहे.

मग ब्लू-रे प्लेअर? त्याला एच.२६४ यावीच लागते, ब्लू-रेच्या नियमातच आहे ते, त्यामुळे फाइलही जास्त चालतात आणि डीव्हीडीपण चालते. पण तो महाग, आणि आता दुकानात शोधावा लागतो. चांगल्या हालतीतला जुना कोणाकडे मिळाला तर विचार करा.

टीव्हीवर एक अडचण मात्र राहते, डीटीएस नावाचा आवाज. काही टीव्हींना आणि बहुतेक स्वस्त प्लेअरना तो येत नाही कारण त्याचे पैसे मूळ कंपनीला द्यावे लागतात. चित्र छान, आवाज शून्य असं झालं तर तेच समजा.

आधीच घेऊन ठेवलाय, आता फाइल कशा चालवायच्या?

फाइल प्लेअरला कळेल अशा पद्धतीने पुन्हा वाळवायची. यासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे पण त्यातून एव्हीआय निघत नाही, म्हणून मी एव्हीडेमक्स वापरतो, तेही मोफत आहे. चित्रासाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपी३, डबा एव्हीआय. रुंद पिक्चर असेल तर आकार ७२० बाय ४०० ठेवायचा, याच्या वर गेलं की स्वस्त चिप नाही म्हणते. चित्राला सेकंदाला १५०० किलोबिट आणि आवाजाला १२८ दिले तर तीन तासांचा पिक्चर साधारण २.२ जीबीत बसतो, म्हणजे ४ जीबीची अडचण पण गेली. सेटिंगमध्ये क्यूपेल आणि जीएमसी असे दोन पर्याय दिसतील, ते बंदच ठेवा, ते चालू असले की बरेच प्लेअर अडतात.

एवढं करायचं नसेल तर डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने सरळ डीव्हीडीच बनवा, ती कुठेही चालते. बर्न करताना शेवटी फायनलाइज करायला, म्हणजे डिस्क पूर्ण झाली असं बंद करायला विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर चालेल आणि प्लेअर म्हणेल डिस्क रिकामी आहे. कॉम्प्युटर नसेल तर आपल्या भागातला फोटो स्टुडिओवाला हे काम करून देतो, त्याला फक्त सांगा, डेटा डीव्हीडी नको, प्लेअरवर चालणारी व्हिडिओ डीव्हीडी पाहिजे. या एका वाक्याने दोन चकरा वाचतात.

आणि त्या ११ डिस्क

काकूंचा प्लेअर आम्ही बदलला नाही. डिस्क तो चांगल्या वाचत होता आणि काकूंना तेच पाहिजे होतं. बारशाचा व्हिडिओ आणि पिक्चर मी बदलून दिले. पण खरी घाई दुसरीच होती. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक थर असतो, माहिती त्या रंगात जळलेल्या ठिपक्यांच्या रूपात असते, आणि तो रंग ऊन, उष्णता, दमट हवा यांनी हळूहळू विटतो. आमच्याकडे ४५ डिग्रीला लोखंडी कपाट दुपारी हात लावू देत नाही. तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर प्लेअर नंतर घ्या, आधी त्यांची कॉपी काढा.

काढायला सोपं आहे. डिस्क कॉम्प्युटरमध्ये टाकायची, व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर उघडायचं, त्यात व्हीओबी नावाचे तुकडे असतात, प्रत्येक १ जीबीच्या आतबाहेर, ते उचलून ठेवायचे. आत एमपेग-२ च आहे, म्हणजे बऱ्याच प्लेअरना पेनड्राइव्हवरून पण ते चालतात, कुठे अडलं तर शेवटी एमपीजी नाव दिलं की चालून जातात. (आधी म्हटलं की नाव बदलून काही होत नाही, पण इथे आतला जिन्नस प्लेअरच्या ओळखीचाच आहे, फक्त चिठ्ठी अनोळखी होती.)

अकरापैकी दहा पूर्ण निघाल्या. २०१० च्या आषाढीची एक डिस्क शेवटी शेवटी अडकत होती, ती मी पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून, तीन वेळा प्रयत्न करून काढली, तरी शेवटची चार मिनिटं गेलीच. ३२ जीबीच्या दोन पेनड्राइव्हवर सगळं बसलं, सहा डिस्क एकावर, पाच दुसऱ्यावर. आणखी एक कॉपी नातवाच्या कॉम्प्युटरवर. पेनड्राइव्हला काकूंनी लाल आणि हिरव्या लोकरीचा एकेक तुकडा बांधलाय, लाल म्हणजे देवळातले कार्यक्रम, हिरवा म्हणजे घरचे. आता संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या स्वतःच लालवाला लावतात, रिमोटवर तीन दाबतात, आणि काका पेटीचा भाता उघडतात.